गोदीतले यंत्र आणि काळजाची झडप



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही जिनिंग-प्रेसिंगमधल्या कामगारांच्या चळवळीचा इतिहास सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. तो आम्ही यापूर्वी दोन वेळा सांगितला आहे, आणि दुसऱ्या खेपेस मागची बाके रिकामी होताना आम्ही या डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून यंदा विषय बदलला. हृदयाचा ‘इको’ काढतात, ती विद्या कशी जन्मास आली आणि ती शिकणारी माणसे नेमके काय शिकतात, हे आज सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. सभागृहात डॉक्टरमंडळी असतील त्यांनी आमची चूक जरूर दाखवावी. चूक दाखवली म्हणून आम्ही मोर्चा काढणार नाही.

मातीचे मडके विकत घेणारी बाई ते आधी वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कोठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. पूर्वी रेल्वेगाडी स्थानकात उभी राहिली की एक मनुष्य हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारीत जाई, तोही हेच करी. वस्तू न फोडता तिच्या पोटातले जाणावयाचे, ही मुळात कारागिरांची विद्या. वैद्यांनी ती मागाहून उसनी घेतली. व्हिएन्नातल्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टराने १७६१ साली रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साचले आहे काय हे ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तो एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर ठोकून आत दारू किती उरली हे पाहण्याची सवय त्याला घरच्या तळघरात लागली, असे सांगतात. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरापुढे एक तरुण रोगीण आली. परक्या बाईच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची घट्ट सुरळी केली आणि तिच्या टोकाला कान लावला. स्टेथॉस्कोप हा असा संकोचातून जन्मला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

आम्ही या विषयाकडे वळलो ते पुस्तकामुळे नव्हे. २०१४ सालच्या हंगामाच्या अखेरीस आमच्या संघटनेतली एक बाई, रेच्यावर कापूस टाकणारी, वय तिशीच्या आतबाहेर, कामावर येईनाशी झाली. चार पायऱ्या चढली की धाप लागे. रात्री आडवे झाले की जीव घाबरा होई, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपे. गावातल्या दवाखान्यात दमा म्हणून गोळ्या चालू होत्या. आम्हांलाही दुसरे काही सुचले नाही. जिनात काम करणाऱ्याचा खोकला म्हणजे रुईच्या धुळीचा खोकला, हे आमचे ठरून गेलेले. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा आजार धंद्याचा रोग म्हणून नोंदलेला होता, तेव्हा आम्ही मोठ्या तडफेने अर्ज लिहिला. मालकाच्या नावाने दोन कडक वाक्येही त्यात घातली. अर्जाला डॉक्टरी दाखला हवा म्हणून बाईला मोठ्या रुग्णालयात नेले.

तेथल्या डॉक्टरांनी आमचा अर्ज वाचलाच नाही. त्यांनी बाईला डाव्या कुशीवर वळवले, बराच वेळ नळी लावून ऐकले आणि विचारले, “लहानपणी सांधे सुजून ताप आला होता काय?” बाई म्हणाली, आला होता. दहाएक वर्षांची असताना आधी गुडघा, मग घोटा, मग दुसरा गुडघा सुजला. महिनाभर खाटेवर होती. घरच्यांनी वात म्हणून तेल लावले. मग इको झाला. पडद्यावर झडपेचे पान हॉकीच्या काठीसारखे वाकलेले दिसत होते. हृदयाच्या डाव्या बाजूस वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी ही द्विदल झडप. डॉक्टर तिला मायट्रल म्हणतात. निरोगी माणसात ती उघडली की चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट होते. या बाईची वाट एका चौरस सेंटिमीटरहून कमी उरली होती. वर रक्त तुंबे, ते फुप्फुसात मागे सरे, आणि धाप लागे. धूळ छातीत गेली असेलही. पण धाप तिच्यामुळे नव्हती. आम्ही दोन वर्षे धुळीच्या नावाने घोषणा देत होतो आणि झडप मुकाट्याने आवळत चालली होती.

या रोगाचे मूळ घशात. लहान मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने धरतो, आणि त्या जंतूशी लढणारी शरीराची शक्ती काही मुलांत चुकून स्वतःच्या सांध्यांवर व झडपांवर तुटून पडते. सांधे बरे होतात. झडप होत नाही. ती वर्षानुवर्षे जाड होत, चिकटत जाते. एका खोलीत आठ माणसे जेथे निजतात तेथे घशाचा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो, म्हणून हा रोग दाट वस्तीचा आणि गरिबाघरचा. एके काळी युरोपातही तो घरोघर होता. आमच्या गोष्टीतले यंत्र हृदयापर्यंत पोचले ते या झडपेसाठीच.

स्थळ स्वीडन देशातले लुंड हे विद्यापीठाचे गाव. १९५० च्या सुमारास झडपेची वाट छाती उघडून, बोट घालून मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया नव्यानेच रूढ होत होत्या. परंतु कोणाची झडप नुसती आवळली आहे आणि कोणाची गळतेही आहे, हे आधी कळल्यावाचून चाकू चालवणे म्हणजे अंधारात उडी. ही निवड करण्याचे काम इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञाकडे होते. त्याला गाठ पडली कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाची. रेडिओवर आपण ‘मेगाहर्ट्झ’ ऐकतो, ते नाव ज्याच्यावरून पडले तो हाइन्रिश हर्ट्झ याचा चुलत आजोबा; आणि बाप गुस्ताफ हर्ट्झ १९२५ चा नोबेल पारितोषिक विजेता. एडलरने विचारले, रडारसारखे काही हृदयासाठी नाही का? हर्ट्झला ठाऊक होते की, जवळच्या माल्मो बंदरात कोकुम्स नावाची जहाजे बांधणारी गोदी आहे, आणि तेथे पोलादात तडा आहे काय हे पाहण्यासाठी एक यंत्र वापरतात. कानाला ऐकू न येणारा अतिसूक्ष्म ध्वनी पोलादात सोडावयाचा. तडा असला तर तेथून प्रतिध्वनी परत येतो. मडके वाजवून घेण्याचीच ही सुधारलेली तऱ्हा!

हर्ट्झ १९५३ साली माल्मोला गेला आणि ते यंत्र त्याने प्रथम स्वतःच्या छातीला लावले. पडद्यावर एक खूण त्याच्या नाडीबरोबर पुढेमागे हलू लागली. मग त्या दोघांनी यंत्र शनिवार-रविवारपुरते लुंडला उसने आणले. पुढे जर्मनीतल्या सीमेन्स कारखान्याने त्यांना एक यंत्र वापरावयास दिले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हलत्या हृदयाचा प्रतिध्वनी त्यांनी पहिल्याने फिल्मवर टिपला. वैद्यकाच्या इतिहासात गोदीच्या कामगारांचे नाव कोठे येत नाही. पण ज्या हातांनी ते यंत्र रोज पोलादावर फिरवले, त्यांच्याकडूनच ते आले. त्या गोदीतली जहाजबांधणी पुढे बंद पडली. तिची १३८ मीटर उंचीची अजस्र यारी २००२ साली एका डॉलरला कोरियाला विकली गेली. ती समुद्रमार्गे निघाली तेव्हा माल्मोचे लोक काठावर उभे राहून रडले. शकुंतला गाडी बंद झाली तेव्हा आपल्याकडे ज्यांच्या पोटात कालवले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता यंत्राची रीत. प्रोब नावाचा जो मुठीएवढा तुकडा छातीवर ठेवतात, त्याच्यात एक असा पदार्थ असतो की विजेचा झटका दिला म्हणजे तो थरारतो, आणि उलट थरथर त्याच्यावर आदळली म्हणजे वीज उत्पन्न करतो. हा गुण जॅक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला. म्हणजे तोंड आणि कान एकच. थरथर सेकंदाला वीस ते पन्नास लाख वेळा. मांसातून हा ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने धावतो. पंधरा सेंटिमीटरवरच्या भिंतीवर आदळून परत यावयास त्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचे जेमतेम दोन भाग लागतात. हा वेळ मोजला की अंतर कळले. मात्र हवा आणि हाड यांपुढे तो लंगडा पडतो. म्हणून प्रोब व कातडी यांमध्ये हवा राहू नये यासाठी जेली लावतात, आणि म्हणून फासळ्यांच्या फटींतून, फुप्फुसाला वळसा घालून हृदय गाठावे लागते. या फटींना डॉक्टर ‘खिडक्या’ म्हणतात.

एडलर प्रारंभी चुकला, हे मुद्दाम सांगतो. एक मोठी, वेगाने हलणारी खूण दिसे, ती डाव्या कर्णिकेच्या भिंतीची असे त्याने धरले होते. मनात शंका राहिली. मग त्याने मरणासन्न रोग्यांच्या छातीवर ध्वनीची दिशा खुणावून ठेवली आणि मृत्यूनंतर त्याच दिशेने लांब दाभण घालून ते कोठे पोचते हे पाहिले. दाभण भिंतीत नव्हे, द्विदल झडपेच्या पुढल्या पानात शिरलेले आढळले. म्हणजे जी खूण भिंत समजून तो पाहत होता, ती त्याला हवी असलेली झडपच होती! आवळलेल्या झडपेत ती खूण मंद गतीने खाली उतरते, निरोगी झडपेत झपकन. या मंदपणावरून रोग किती वाढला हे सांगता येऊ लागले. आपले म्हणणे खोटे ठरवण्यासाठी इतकी खटपट करणारा माणूस आम्हांला आमच्या त्या अर्जाच्या वेळी आठवावयास हवा होता. पण तेव्हा त्याचे नावही ठाऊक नव्हते.

एडलर आणि हर्ट्झ यांना १९७७ साली अमेरिकेतले लास्कर पारितोषिक मिळाले. हर्ट्झचा आणखी एक उपकार आपण रोज वापरतो. यंत्रातले वेगवान चढउतार कागदावर उतरवण्याच्या खटपटीतून तो शाईचे बारीक थेंब फवारून छापण्याच्या तंत्राकडे गेला, आणि त्या तंत्राच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते.

स्वीडनमध्ये यंत्र जन्मले खरे, परंतु त्याचे शिक्षण उभे राहिले अमेरिकेत. इंडियाना संस्थानातले डॉक्टर हार्वे फायगनबॉम यांनी १९६३ साली एका प्रदर्शनात असे यंत्र पाहिले आणि तेही स्वतःच्याच छातीला लावले. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचले तर ते यंत्रावर दिसते, हे त्यांनी १९६५ साली मांडले. १९६८ साली त्यांनी या विद्येचा पहिला वर्ग भरवला आणि १९७२ साली पहिले पाठ्यपुस्तक काढले. परंतु आमच्या मते त्यांचे थोर कृत्य निराळेच. डॉक्टर नसलेल्या माणसांना त्यांनी प्रोब धरावयास शिकवले. कित्येक डॉक्टरांना ते रुचले नाही. रोग्याच्या छातीवर पदवी नसलेल्या माणसाने हात ठेवावा? फायगनबॉमचा रोख साधा होता. ज्याने रोज तेच काम करावयाचे, त्याचा हात त्यात बसतो. दिवसाकाठी दहा कामे करणाऱ्याचा बसत नाही. रेच्यावर वीस वर्षे काढलेला माणूस आवाजावरून सांगतो की पाते कोठे घासते आहे. इंजिनियरला त्यासाठी यंत्र थांबवावे लागते.

दुसरे अंग म्हणजे रक्ताचा वेग मोजणे. त्याचे मूळ प्राग शहरात, १८४२ सालात. ख्रिस्तियान डॉप्लरने सांगितले की, ध्वनी करणारी वस्तू जवळ येत असेल तर स्वर चढतो, दूर जात असेल तर उतरतो. १८४५ साली हॉलंडात आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवून याची परीक्षा घेतली गेली. आपल्याकडे ज्यांनी मुर्तिजापूरच्या वाटेवर शकुंतलेची शिटी जवळून गेलेली ऐकली आहे, त्यांची परीक्षा फुकटात झाली. रक्ताच्या कणांवरून परतणारा ध्वनीही असाच चढतो-उतरतो, हे जपानात ओसाका येथे सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात वापरून दाखवले. मग नॉर्वेतल्या लिव्ह हाटले या बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यावरून झडपेच्या दोन बाजूंचा दाब काढण्याची सोपी रीत रुळवली. वेगाचा वर्ग करावा व चाराने गुणावे, एवढेच गणित. रक्त सेकंदाला दोन मीटरने उसळत असेल तर दाबातला फरक पाऱ्याच्या सोळा मिलिमीटरचा. पूर्वी यासाठी नसेतून हृदयापर्यंत नळी घालावी लागे.

आमच्या एका गठाण बांधणाऱ्या सभासदाची मुलगी नागपूरला इको-तंत्रज्ञाचे काम शिकते. तिला आम्ही विचारले, पहिल्या दिवशी काय शिकवले? यंत्राचे काहीतरी सांगेल अशी आमची समजूत. ती म्हणाली, “काका, पहिले काही आठवडे प्रोब हातात दिलाच नाही. चादर कशी घालायची ते शिकवलं.” रोग्याचे नाव, वय, उंची, वजन स्वतः विचारून लिहावयाचे, कागदावरचे मानावयाचे नाही. बाई असेल तर सोबत बाई हवी, दार लोटलेले हवे, आणि जेवढी जागा लागते तेवढीच उघडी ठेवून बाकी चादरीखाली. लाएनेकचा तो संकोच दोनशे वर्षांनीही अभ्यासक्रमात आहे! छातीला तीन तारा लावावयाच्या. डाव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्याखाली घ्यावयास सांगावयाचे, म्हणजे हृदय पुढे सरकते आणि फासळ्या फाकतात. धाप लागणाऱ्याला आडवे निजवावयाचे नाही. खाट उशाकडून उंच करावयाची. थंडीत जेलीची बाटली कोमट पाण्यात ठेवावयाची. त्यानंतर प्रोब. उरोस्थीच्या डावीकडे तिसऱ्या-चौथ्या फटीत, प्रोबवरची खूण उजव्या खांद्याकडे. हृदय लांबीत दिसते. तेथेच पाव फेरा फिरवला की आडवा काप दिसतो, आणि द्विदल झडप माशाच्या तोंडासारखी उघडमीट करते. मग हृदयाच्या टोकाशी, मग बरगड्यांखालून. मनगट किती वळवावयाचे ते पुस्तकात सापडत नाही. शिकवणारी बाई तिच्या हातावर हात ठेवून वळवते, सुताराने पोराला रंधा शिकवावा तसे.

सर्वांत अवघड काय? ती म्हणाली, चेहरा. रोगी पडद्याकडे पाहत नाही, तंत्रज्ञाच्या तोंडाकडे पाहतो. झडप खराब दिसली तरी कपाळाला आठी पडता उपयोगी नाही, आणि निदान तोंडातून निघता उपयोगी नाही. ते डॉक्टरांनी सांगावयाचे. आम्हांला हे पटले, आणि थोडे टोचलेही. पाहणारे डोळे तिचे, सही दुसऱ्याची. अहवालात तिचे नाव असावे, एवढी मागणी आम्ही तिच्या वतीने मनात नोंदवून ठेवली आहे. डॉक्टर व परिचारिका यांच्यापलीकडच्या आरोग्य-तंत्रज्ञांच्या शिक्षणाला व नोंदणीला अखिल भारतीय चौकट देणारा कायदा या देशात २०२१ साली झाला. इतका उशीर का झाला, हा प्रश्न आमच्यासारख्याने विचारावयाचा नाही तर कोणी? तशात या कामाचाही धंद्याचा रोग आहे. हात लांब ताणून तासन्‌तास प्रोब दाबून धरल्याने खांदा आणि मनगट जाते, अशी जगभरच्या तंत्रज्ञांची तक्रार आहे.

आडवळण म्हणून एक गोष्ट सांगतो. हेच तंत्र दुसरीकडे वळवून पोटातली मुलगी शोधण्याचा धंदा आपल्याच राज्यात बोकाळला. १९८८ साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राने केला. म्हणून सोनोग्राफीच्या यंत्रांची नोंद ठेवावी लागते. काही डॉक्टर कुरकुर करतात. आम्ही करत नाही. गोदीतून आलेल्या यंत्राने काय पाहावे, हे ठरवण्याचा हक्क समाजाला असलाच पाहिजे.

आता आमच्या त्या बाईकडे येऊ. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, तेव्हा हंगामी कारखाने त्यातून वगळले गेले, आणि हंगामी म्हणजे कोणते याच्या व्याख्येत कापूस पिंजण्या-दाबण्याचे काम ठळकपणे घातले गेले. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, तो सभागृहाला कळेल. विमा नसल्यामुळे खर्चाचा डोंगर समोर होता. सुदैवाने राज्याची जीवनदायी योजना २०१३ च्या नोव्हेंबरात सगळ्या जिल्ह्यांना लागू झाली होती. तिच्यातून नागपूरला बाईची झडप फुग्याने उघडली. मांडीच्या नसेतून नळी हृदयात न्यावयाची आणि तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवावयाचा. जपानच्या कान्जी इनोउए यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली ही रीत. छाती फाडावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा इको झाला. वाट जवळजवळ दुप्पट झाली होती. त्या रात्री ती आडवी होऊन झोपली. तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते, म्हणजे घशाचा जंतू पुन्हा उठणार नाही. एस.टी.चे भाडे आणि बुडालेली रोजी यांसाठी भांडण अद्याप चालू आहे. धुळीचा अर्ज आम्ही मागे घेतला. धुळीविरुद्धची मागणी घेतली नाही, कारण धूळ आहेच.

मागच्या हिवाळ्यात कामगार न्यायालयाच्या तारखेला नागपूरला गेलो असता त्या मुलीला भेटलो. शिकणाऱ्यांना सरावासाठी माणूस हवा असतो. तिच्या गुरुजींची परवानगी घेऊन आम्ही सदरा काढला आणि डाव्या कुशीवर निजलो. जेली कोमट होती. पाचेक मिनिटे तिने या फटीतून, त्या फटीतून शोधले. पडद्यावर नुसते धुके. “काका, किती वर्षं बिडी ओढली?” आम्ही तीस सांगितली, पाच वगळून. ती म्हणाली, फुप्फुस फुगून मध्ये येते आहे, खालून पाहू. उताणे झोपा, गुडघे वर घ्या, पोट सैल सोडा. बरगड्यांखाली प्रोब दाबला गेला. “आता श्वास घ्या आणि धरून ठेवा.” धुके सरले, आणि चार कप्प्यांची ती लगबग एकदम पुढे आली, मधोमध दोन पाने उघडत होती, मिटत होती. तिने हात तसूभरही न हलवता मान मागे वळवली आणि गुरुजींना हाक मारली.